तुटक वर्तुळाची बाजू

१

भोक अगदी झकास पडलं होतं. तोंड गोल, भिंती गुळगुळीत, खोली मोजावी तर केसाचाही फरक नाही. फक्त ते चुकीच्या अंगाला होतं.

पंपाची ती बॉडी म्हणजे दोघांच्या कवेत न मावणारा ओतीव लोखंडाचा ठोकळा. ओतायला तीन आठवडे गेले होते, तासायला आणखी पाच. उरलं होतं ते एकच काम. उजव्या अंगाला अंगठ्याच्या जाडीचं एक भोक पाडायचं, त्यातून आत तेल जाणार. सोमवारी सकाळी कारखाना उघडला तेव्हा भोक तयार होतं, पण डाव्या अंगाला. त्या बाजूला आत पाण्याची वाट होती. भोकाने तिची भिंत इतकी पातळ केली होती की पंप आठवडाभरातच फुटला असता. आठ आठवड्यांची मेहनत भंगारात गेली.

बाईंना हे कळलं मंगळवारी सकाळी, भाच्याच्या तोंडून. भाचा त्या कारखान्यात तीन वर्षं फोरमन होता. बाईंनी टेक्निकल शाळेत चौतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं होतं. तुटक रेघेतला एक तुकडा लांब पडला तरी त्या अर्धा मार्क कापत, म्हणून पोरांनी त्यांचं नाव ‘तुटक बाई’ ठेवलं होतं. ते त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

"मावशी, ड्रिल मशीन अण्णांचं. त्यामुळे सगळे अण्णांकडे बोट दाखवतायत," भाचा म्हणाला. "सोमवारी नेमका गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला होता. त्याने दारातच विचारलं, हे मशीन कोणाचं. सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. आता त्याला लेखी नाव हवंय, जबाबदार कोण म्हणून. आज पाच वाजता अण्णा सही करणार आणि घरी जाणार."

"अण्णा काय म्हणतात?"

"तेच तर कोडं आहे. सुरुवातीला म्हणाले, मी हात लावला नाही. शनिवारी मशीन पुसलं आणि घरी गेलो. मग ते बॉडीपाशी गेले, भोकात बोट घातलं, गोल फिरवलं. आणि तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी. कागद द्या, सही करतो, एवढंच म्हणतात."

बाईंनी चष्म्याची काच पदराने पुसली. अण्णांना त्या ओळखत होत्या. शाळेची पोरं कारखाना बघायला जायची तेव्हा अण्णाच त्यांना मशीन दाखवायचे, आणि मशीनपेक्षा हळू बोलायचे. एकतीस वर्षं एका मशीनवर उभा राहिलेला माणूस असा दोषी ठरून दाराबाहेर जाणार, हे काही बाईंना पटेना.

"किती वाजले?"

"साडेनऊ."

"मग पाचाला अजून बराच अवकाश आहे," बाई म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या.

२

बॉडी शेडच्या मधोमध पडून होती. येणारा-जाणारा वळसा घालून जात होता.

बाईंनी भिंग काढलं आणि भोकाच्या तोंडाशी धरलं. लोखंडावर सुईने ओढलेल्या दोन बारीक रेघा होत्या, एक उभी आणि एक आडवी. भोक पाडण्याआधी जागा आखून घेतात, त्या. दोन्ही रेघा भोकाच्या बरोबर मध्यावर भेटत असणार, इतक्या नेमक्या की बाईंनी दहापैकी दहा दिले असते. भोकाची धारही, बोट कापू नये म्हणून, हाताने हळुवार घासून मारलेली होती.

"हे काही कोणी सूड म्हणून केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सूड घेणारा धार मारत बसत नाही. ड्रॉइंग कुठे होतं?"

"मशीनच्या चापाला लावलेलं. तोच तर अण्णांविरुद्ध पुरावा म्हणतायत."

ड्रॉइंग जुनं होतं, कारखाना काढणाऱ्या थोरल्या साहेबांच्या हातचं. साहेब जाऊन वर्ष झालं होतं. कागदाच्या बाबतीत ते इतके चिकट की दोन चित्रांत भागत असेल तर तिसरं काढायचे नाहीत. इथेही दोनच होती. एक ठोकळा समोरून, आणि त्याच्या उजव्या हाताला दुसरं, ठोकळा बाजूने. कोपऱ्यात खूण नाही, टीप नाही. घरातल्या घरात कोण कशाला पत्ता लिहितो?

समोरच्या चित्रात भोकाचा मागमूस नव्हता. बॉडीच्या तोंडावर डावी-उजवीकडे दोन सारख्या, आडव्या, उठावाच्या पट्ट्या होत्या. भोक त्यातल्या एका पट्टीच्या बरोबर मागे, तेवढ्याच रुंदीचं आणि तेवढ्याच लांबीचं. दिसणारी रेघ आणि लपलेली रेघ एकावर एक आली तर दिसणारीच काढायची, हा नियम. त्यामुळे भोक पट्टीच्या रेघांखाली गडप झालं होतं. ते दिसत होतं फक्त बाजूच्या चित्रात, आणि तिथे ते तुटक वर्तुळ होतं.

"तुटक म्हणजे काय?" बाईंनी सवयीने विचारलं.

"मावशी, मी फोरमन आहे."

"म्हणूनच विचारते."

भाच्याने उसासा टाकला. "तुटक म्हणजे आहे, पण इथून दिसत नाही. पलीकडच्या अंगाला आहे."

"आणि हे चित्र कोणत्या बाजूने बघून काढलंय?"

"डाव्या. आपल्याकडे डावीकडून पाहिलेलं चित्र उजवीकडे मांडतात. डावीकडून बघितलं, भोक पलीकडे, म्हणजे उजव्या अंगाला."

"शाबास. म्हणजे सगळा जीव त्या एका तुटक वर्तुळात आहे."

तेवढ्यात नवा इंजिनिअर आला. सहा महिन्यांपूर्वीच लागलेला, इस्त्रीचा शर्ट, कागदाचा तिटकारा. तो म्हणाला, "मी केव्हापासून सांगतोय, ही जुनी ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर घ्या. कोपऱ्यात खूणसुद्धा नाही. जगात दोन रीती आहेत. एकीत डावीकडचं चित्र उजवीकडे जातं, दुसरीत डावीकडेच राहतं. दुसऱ्या रीतीने वाचलं की भोक डाव्या अंगाला जाणारच."

"तुम्ही कोणती शिकलात?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि मग बाई का विचारतायत ते त्याच्या ध्यानात आलं. "मी मशीनला हात लावत नाही. मला येतच नाही."

ते खरं असावं. त्याची नखं बाईंच्या नखांपेक्षा स्वच्छ होती.

दुसरी रीत बाईंना अनोळखी नव्हती. एका वर्षी शिक्षण मंडळाने फर्मान काढलं म्हणून त्यांनी तीसुद्धा शिकवली होती. पुढच्या वर्षी फर्मान मागे गेलं आणि गाडी जुन्या रुळावर आली. पण इथे ती शिकलेला एकटा इंजिनिअर, आणि त्याला भोक पाडता येत नाही. ज्यांना पाडता येतं ते सगळे जुन्या रीतीत मुरलेले. मग ही चूक केली कोणी?

"अण्णा कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

३

अण्णा अवजारांच्या खोलीत एका स्टुलावर बसून ड्रिलची टोकं डब्यात लावत होते. बारीक ते जाड, ओळीने. बघून नाही, चाचपून.

"या बाई," ते म्हणाले. बाईंनी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"ओळखलंत?"

"चपलेच्या आवाजावरून."

बाई समोरच्या खोक्यावर बसल्या. त्यांनी ड्रॉइंग अण्णांच्या गुडघ्यावर पसरलं आणि बाजूच्या चित्रातल्या वर्तुळावर बोट ठेवलं. "अण्णा, ही रेघ कशी आहे?"

अण्णांनी कागद उचलला, खिडकीकडे तिरका धरला, मग जवळ आणला, मग लांब नेला. "गोल आहे," ते म्हणाले.

"गोल आहे ते मला माहीत आहे. अखंड आहे की तुटक?"

बाहेर कुठेतरी लोखंडावर करवत चालत होती. अण्णांनी कागदाची घडी केली, कोपऱ्याला कोपरा लावून. "सात महिने झाले. डोळ्यांवर धुकं आल्यासारखं आहे. मोठं दिसतं, बारीक दिसत नाही. कोणाला बोलू नका."

"घरी?"

"घरीसुद्धा नाही. घरी कळलं तर इथे कळेल. इथे कळलं तर मशीन जाईल."

ज्याला बारीक दिसत नाही त्याला तुटक रेघ तुटक दिसतच नाही. तुकडे एकमेकांत मिसळतात आणि रेघ अखंड दिसते. आणि अखंड वर्तुळ म्हणजे काय? भोक अलीकडच्या अंगाला, बघणाऱ्याच्या समोर. डावीकडून पाहिलेल्या चित्रात ते डाव्या अंगाला आलं. जिथे पडलं होतं, नेमकं तिथेच.

अण्णांना सोडवायला म्हणून निघालेल्या बाई आता स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात दोर अडकवत होत्या.

"शनिवारी तुम्ही भोक पाडलंत का?" त्यांनी सरळ विचारलं.

"सही करणार आहे ना मी," अण्णा म्हणाले.

"मी सहीचं विचारलं नाही."

अण्णांनी डब्यातलं एक टोक उचललं, बोटाने धार पाहिली आणि परत जागेवर ठेवलं.

४

बाई बाहेर येऊन पाण्याच्या पिंपाशी उभ्या राहिल्या. भाचा आशेने बघत होता. त्या त्याला सांगणारच होत्या की घरी चल, इथे आपलं काही चालणार नाही. पण चौतीस वर्षं त्यांनी पोरांना एकच गोष्ट घोकून घेतली होती: एका चित्रावरून वस्तू ठरवू नका, दुसरं बघा. त्या परत बॉडीपाशी गेल्या.

सुईने ओढलेल्या त्या दोन रेघा केसापेक्षा बारीक होत्या. बाईंना भिंग घ्यावं लागलं होतं. ज्याला कागदावरची शाईची रेघ तुटक की अखंड कळत नाही, तो लोखंडावर अशा रेघा कशा ओढेल, आणि त्या जिथे भेटतात तिथे टोक कसं टेकवेल? धुकं बाजूच्या बाबतीत फसवेल आणि आखणीच्या बाबतीत नाही, असं होत नसतं.

"ही बॉडी इथे पहिल्यांदाच बनतेय का?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"मी आल्यापासून पहिल्यांदा. आधी सात झाल्यात म्हणे."

"आणि सातांची भोकं कोणी पाडली?"

"अण्णांनीच."

"मग त्यांना ड्रॉइंग कशाला लागेल? सात वेळा केलेलं काम, आणि कागद वाचता येत नाही हे लपवायचं. असा माणूस कपाटातून कागद काढून चापाला लावेल का? तुम्ही ज्याला पुरावा म्हणता ना, तो अण्णांच्या बाजूचा आहे. कागद त्याने काढला ज्याला बाजू माहीत नव्हती."

भाच्याचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. बाजू माहीत नसलेले म्हणजे कोण, हे त्यालाही कळत होतं. "मीसुद्धा," तो म्हणाला.

"हो, तूसुद्धा. भाचा म्हणून सूट नाही."

पहारेकऱ्याला विचारलं तर तो छातीवर हात ठेवून म्हणाला, रविवारी बाहेरचं चिटपाखरूसुद्धा फिरकलं नाही. किल्ल्या मोजक्या लोकांकडे होत्या. फोरमन, इंजिनिअर, अण्णा आणि ऑफिस.

दुपारी बाईंनी तिघांना एकेक करून बोलावलं, हातात पेन्सिल दिली आणि समोर चहाचा कप ठेवला, कान उजवीकडे करून. "हा समोरून काढा. आणि त्याच्याच शेजारी, डावीकडून बघितला तर कसा दिसेल तो काढा."

डावीकडून बघितलं की कान कपाच्या आड जातो, म्हणून तो तुटक रेघेने काढायचा. पण बाईंना कानाशी कर्तव्य नव्हतं. दुसरा कप पहिल्याच्या कोणत्या हाताला जातो, एवढंच त्यांना बघायचं होतं. माणूस नियम विसरेल, हात विसरत नाही.

भाच्याने दुसरा कप उजवीकडे काढला. इंजिनिअरनेही उजवीकडे काढला, आणि वर कोपऱ्यात रीतीची खूण टाकली, जणू कप कोर्टात जाणार होता. अण्णांनी कागदाला नाक लावून दोन मोठे वाकडे कप काढले, दुसरा उजवीकडे.

तिघेही पास. ज्याने दुसऱ्या रीतीने वाचलं तो या तिघांत नव्हता. घड्याळात पावणेचार झाले होते.

५

ऑफिसात ताई बसली होती. थोरल्या साहेबांची एकुलती एक मुलगी. साहेब गेल्यापासून त्यांच्या खुर्चीत तीच. सगळा कारखाना तिला ताई म्हणे. बाई मात्र तिला तू म्हणत, कारण चौदा वर्षांची असताना ती त्यांच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसत असे आणि तुटक रेघा फार सुंदर काढत असे. पुढे तिने वाणिज्य घेतलं. कारखान्यात ती गिऱ्हाइकं बघे, ड्रॉइंगं फोरमनवर सोपवलेली.

टेबलावर टाइप केलेला कागद होता. खाली सहीची जागा.

"काही कळलं का, बाई?" तिने विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. दोन काका टपून बसले होते, पोरीच्या हातात कारखाना टिकत नाही हे सिद्ध होण्याची वाट बघत. हे भाच्याने येतानाच सांगितलं होतं.

"अण्णांनी केलेलं नाही, एवढं कळलं."

ताईने मान खाली घातली. तिला हायसं वाटलं की भीती, ते बाईंना उमगलं नाही. "मी विचार करत होते," ती घाईने म्हणाली, "बॉडी वाचवता येईल का. डावं भोक बुजवून आतून भिंत जाड केली तर? हे बघा." तिने पेन्सिल ओढली आणि मागच्या कोऱ्या कागदावर ठोकळा काढला, झरझर, सराईत हाताने. "हे समोरून. आता डावीकडून बघितलं तर बुच असं दिसेल."

आणि पेन्सिल डावीकडे गेली. डावीकडचं चित्र तिने डावीकडे काढलं.

बाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन माणसांना चहाचे कप काढायला लावले, आणि चौथीला विचारायचं सुचलंच नाही, कारण खुर्चीत बसणाऱ्या माणसाला संशयितांत कोणी धरत नाही. पहारेकऱ्यानेही धरलं नव्हतं. बाहेरचं कोणी आलं नाही, असं तो म्हणाला होता. ताई दर रविवारी ऑफिसात येते, ती बाहेरची थोडीच.

"मशीन चालवायला तुला कोणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

पेन्सिल थांबली. "अण्णांनी. लहानपणी. शाळा सुटली की स्टूल घेऊन उभी राहायचे."

"भोकाची धार हाताने मारायला?"

"तेही त्यांनीच."

"म्हणजे हात अण्णांचा." बाईंनी तिच्या चित्रावर बोट ठेवलं. "आणि ही रीत माझी. त्या एका वर्षाच्या वर्गात तू होतीस."

ताईने कागद उलटा केला. मग तिच्या लक्षात आलं की त्याचा आता उपयोग नाही. ती रडली नाही. खुर्चीत जरा खाली सरकली, एवढंच.

"अण्णांना दिसत नाही हे मला तीन महिन्यांपूर्वीच कळलं," ती म्हणाली. "ते कोणाला कळू देत नव्हते, म्हणून मीही कळू दिलं नाही. हे शेवटचं भोक अवघड होतं. ते चुकले असते तर सगळ्यांसमोर चुकले असते. म्हटलं, रविवारी आपण पाडून टाकू. सोमवारी सांगू, हात शिवशिवत होते म्हणून पाडलं. ते हसले असते. कागद काढला, तीनदा वाचला. वर्तुळ तुटक, चित्र उजवीकडचं, म्हणजे उजवीकडून बघितलेलं, म्हणजे भोक डावीकडे. तीनदा तेच आलं."

"येणारच."

"सोमवारी फोरमन ओरडला तेव्हा कळलं. मी सांगायलाच निघाले होते. दारात इन्स्पेक्टर उभा. मशीन कोणाचं, म्हणाला. सगळे अण्णांकडे बघायला लागले, आणि मी एक मिनिट गप्प बसले. मग ते एक मिनिट काही संपेना." मग तिने वर बघितलं आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग आला. "तुम्हीच शिकवलंत तसं, बाई."

हा वार बरोबर बसला. फर्मान मागे गेलं तेव्हा तो वर्ग पुढच्या इयत्तेत गेला होता आणि त्यांचं ड्रॉइंग संपलं होतं. त्या पोरांना बोलावून सांगायला हवं होतं की बाबांनो, जग पुन्हा उलटं झालं. बाईंनी नव्या वर्गाला जुनी रीत शिकवली आणि जुन्या वर्गाला नव्या रीतीवर सोडून दिलं. अर्धा अर्धा मार्क कापणाऱ्या बाईंना स्वतःचा हा अख्खा पेपर कधी तपासावासा वाटला नव्हता. त्यांना लाज वाटली.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं, आणि बदललं ते सांगितलं नाही. ही चूक माझी, आणि ती मी बाहेर जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे. गप्प बसणं मात्र मी शिकवलं नव्हतं. ते तुझं तू बघ."

"काका काय म्हणतील माहीत आहे ना?"

"माहीत आहे. अण्णा घरी जाऊन काय सांगतील, ते मला माहीत नाही."

साडेचार वाजत आले होते. बाई उठल्या आणि शेडकडे चालू लागल्या. मागे पावलं येतायत का, हे त्यांनी वळून बघितलं नाही.

६

भाच्याने मशीनं बंद केली. माणसं हात पुसत जमली. अण्णा अंघोळ करून, घरचा शर्ट घालून आले होते, निरोपाला आल्यासारखे.

बाई बॉडीपाशी उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलत तशा बोलल्या, मागच्या बाकाला ऐकू जाईल अशा. "एका वर्षी मी एका वर्गाला ड्रॉइंग वाचायची दुसरी रीत शिकवली. ती नंतर रद्द झाली. त्या मुलांना मी ते कधी कळवलं नाही. हे भोक त्या रीतीने वाचून पाडलंय. अण्णा त्या वर्गात नव्हते. त्यांनी हे पाडलेलं नाही."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग कोण, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता आणि विचारत कोणी नव्हतं. बाईही पुढे बोलल्या नाहीत. भाचा तोंड उघडणार होता, त्यांनी त्याच्या पायावर हळूच पाय दिला.

"मी पाडलं," मागून ताई म्हणाली.

ती पुढे आली. तिच्या हातात टाइप केलेला कागद होता. "रविवारी मी एकटी आले आणि मी पाडलं. चूक झाली ती झाली, पण काल सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं तेव्हा मी गप्प बसले. चुकून नाही बसले. घाबरून बसले." तिने कागद बॉडीवर ठेवला, अण्णांचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं आणि तिथेच सही केली. "हे इन्स्पेक्टरला जाईल. काकांना मी सांगेन."

एका कामगाराने खोकून घसा साफ केला आणि तसाच राहिला.

"अण्णा, तुम्ही काहीतरी बोला," ताई म्हणाली. "शिव्या द्या."

"मला माहीत होतं," अण्णा म्हणाले. "भोकात बोट घातलं तेव्हाच कळलं. धार मारताना तू हात शेवटी जरा उचलतेस. लहानपणापासून. किती सांगितलं." वर्षभर ते तिला तुम्ही म्हणत होते. आत्ता ते विसरले होते.

"मग बोलला का नाहीत?"

अण्णांनी जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. त्यांना चेहरे दिसत नसावेत, नुसते आकार. आता त्यांना काही सांगायची गरज नव्हती. सुटले होते ते. बाईंना वाटलं, गप्प राहा अण्णा, निभावलंय तुमचं. पण ताईने सही केलेला कागद अजून बॉडीवरच होता.

"मला दिसत नाही," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सात महिने झाले. आंधळा झाला म्हणून घरी जाण्यापेक्षा एकदा चुकला म्हणून गेलेलं बरं, असा हिशेब केला होता. आणि पोरीवरही आलं नसतं. माझाही हिशेब चुकलाच."

ताई त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, त्यांना चेहरा दिसेल इतकी. "नवी बॉडी ओतायला तीन आठवडे लागतील, तासायला पाच," ती म्हणाली. "भोक कोणी पाडायचं?"

"तूच पाड."

"तुम्ही शेजारी उभे राहा. बाजू सांगा."

"नुसतं उभं राहून काय उपयोग." अण्णांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आठ आठवडे आहेत ना? मला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चल. तू पाडशील तेव्हा मला ते बघायचंय."